दुधाच्या पातेल्यामागे ठेवलेलं इन्सुलिन

पत्र : नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका लहान वृद्धाश्रमाची व्यवस्था पाहते. आमच्याकडे २३ आजी-आबाजी आहेत, त्यातल्या ७ जणांना शुगरची सुई लागते. फ्रीज एकच, तोही स्वयंपाकघरात. दूध, दही, मळलेली कणीक, भाजी, औषधं सगळं त्यातच. ऊन फार म्हणून गोळ्या, सिरप, डोळ्यांचे थेंबही मी आतच ठेवते. मागच्या आठवड्यात दुधाच्या पातेल्यामागे ठेवलेल्या दोन नव्या बाटल्यांत बर्फाचे कण दिसले. बाहेर काढल्यावर ते विरघळले, आता बाटल्या आधीसारख्याच दिसतात. वापरू का? त्यानंतर दोन दिवसांनी रात्री दहापासून सकाळी सातपर्यंत लाइन नव्हती. तेव्हा आत असलेल्या बाकी सहा बाटल्यांचं काय करू? आमच्या एका आबाजींची शुगर महिनाभर उतरत नाही, डॉक्टरांनी दोनदा डोस वाढवला. ट्रस्टी म्हणतात, "घरोघरी असंच ठेवतात, काहून एवढा बाऊ करता?" माझं काही चुकतंय का?

उत्तर : ताई, त्या दोन बाटल्या आजच बाजूला काढा आणि त्यांच्यावर चिठ्ठी लावा: "गोठलेल्या. वापरू नये." त्या पुन्हा फ्रीजमध्ये जायला नकोत, नाहीतर रात्रपाळीची बाई अंधारात नेमकी तीच उचलेल. एकदा गोठलेलं इन्सुलिन फेकायचंच, त्यात दुसरा विचार नाही. दुधी रंगाच्या इन्सुलिनमध्ये औषधाचे बारीक कण पाण्यात पसरलेले असतात. गोठल्यावर त्यांचे पुंजके होतात, मग कितीही घोळवलं तरी ते सारखे पसरत नाहीत. एका सुईत औषध जास्त येतं, दुसरीत नुसतं पाणी. पाण्यासारखं स्वच्छ इन्सुलिन असेल तर ते गोठून विरघळल्यावर वरून चांगलंही दिसेल, पण त्याच्या ताकदीचा भरवसा राहत नाही.

बाटल्या "आधीसारख्याच दिसतात" असं तुम्ही लिहिलंत. ते वाचून मला माझीच एक गोष्ट आठवली. मी ३१ वर्षं सरकारी दवाखान्यांत औषधं सांभाळली. नोकरीच्या दुसऱ्या उन्हाळ्यात मी इन्सुलिनचा एक खोका बर्फाच्या कप्प्याला टेकवून ठेवला होता. जितकं गार तितकं चांगलं, अशी माझी समजूत. सकाळी बाटल्यांवर दव होतं, आत काय झालं ते मी पाहिलंच नाही. त्या बाटल्या रुग्णांना गेल्या. पुढच्या पंधरवड्यात एक म्हातारी माय तीनदा आली. प्रत्येक वेळी शुगर चढलेली आणि प्रत्येक वेळी आम्ही तिलाच रागावलो, "गोड खाल्लं असशील." तिनं काही खाल्लेलं नव्हतं. हे कळलं तेव्हा उशीर झाला होता. तिची मान खाली गेलेली मला अजून दिसते. म्हणून तुमच्या आबाजींबद्दल वाचून मी थोडा थांबलो, आणि सगळ्यात आधी त्यांच्याबद्दलच सांगतो.

महिनाभर शुगर उतरत नाही आणि डोस दोनदा वाढला आहे. त्यांना मिळणारं इन्सुलिन मागच्या बाजूला ठेवलेलं, अधूनमधून गोठणारं असेल, तर डॉक्टरांनी डोस वाढवला तो कमजोर औषधाच्या हिशोबाने. उद्या तुम्ही मेडिकलमधून नवी, चांगली बाटली आणाल आणि तोच वाढलेला डोस द्याल. त्या दिवशी शुगर एकदम खाली येऊ शकते. म्हाताऱ्या माणसाला शुगर चढण्यापेक्षा असं एकदम उतरणं जास्त घातक. तेव्हा नवी बाटली फोडण्याआधी डॉक्टरांना फोन करा आणि सरळ सांगा, "आधीच्या बाटल्या फ्रीजमध्ये गोठल्या असाव्यात, आता नवी सुरू करतोय, डोस किती ठेवू?" यात लाज वाटण्यासारखं काही नाही, आणि हे ऐकल्याशिवाय डॉक्टरांना ते कळायला मार्ग नाही. डोस स्वतःच्या मनाने कमी-जास्त मात्र करू नका.

पुढचे काही दिवस आबाजींची शुगर डॉक्टर सांगतील तितक्या वेळा तपासा, आणि रात्री झोपण्याआधी एकदा नक्की. घाम, थरथर, धडधड ही खूण सगळ्यांना माहीत असते. वय झालेल्या माणसात पुष्कळदा ती दिसतच नाही. तो नुसता गप्प होतो, पेंगतो, असंबद्ध बोलतो, चिडतो. "आबाजी आज जरा विचित्र वागताहेत" असं वाटलं की आधी बोटाची शुगर पाहा. ७० च्या खाली असेल आणि ते शुद्धीवर असतील, गिळता येत असेल, तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या. १५ मिनिटांनी पुन्हा तपासा, वर आली नसेल तर पुन्हा तेवढीच द्या. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालू नका, कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा.

फ्रीजवर सगळा दोष टाकण्याआधी आणखी दोन गोष्टी पाहून घ्या. पहिली, सुई. आपल्याकडच्या १० मिलीच्या काचेच्या बाटल्या बहुतेक ४० युनिटच्या असतात, म्हणजे एका मिलीत ४० युनिट. त्यांना लाल टोपणाची सिरिंज लागते. नारिंगी टोपणाची सिरिंज १०० युनिटच्या औषधासाठी. ४० ची बाटली आणि नारिंगी टोपण अशी गाठ पडली, तर १० च्या रेघेपर्यंत ओढलेल्या औषधात प्रत्यक्षात ४ च युनिट येतात. उलट झालं तर १० च्या जागी २५ जातात, म्हणजे जिवाशी खेळ. बाटलीवरचा आकडा आणि टोपणाचा रंग दोन्ही पाहून मगच औषध ओढायचं, हे सुई देणाऱ्या प्रत्येकीला पाठ पाहिजे. दुसरी गोष्ट, आबाजींच्या पोटावर हात फिरवून पाहा. रोज एकाच जागी टोचून तिथे मऊ गाठ झाली असेल, तर तिथून औषध नीट शोषलं जात नाही.

आता त्या सहा बाटल्या. फेकू नका. न फोडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं, आणि तसं ठेवलं तरच ते छापलेल्या मुदतीपर्यंत टिकतं. एका रात्रीच्या उबेनं ते नासत नाही, त्याचं आयुष्य तेवढं कमी होतं. साधारण ३० अंशांपर्यंतच्या उबेत बहुतेक इन्सुलिन २८ दिवस चांगलं राहतं. काहींना ४२ दिवस चालतात, ते खोक्यातल्या कागदावर लिहिलेलं असतं. म्हणून त्या सहाही बाटल्यांवर लाइन गेल्याची तारीख लिहा आणि त्या दिवसापासून २८ दिवस मोजा. आधी त्याच वापरा, नवा माल नंतर. सुई घेणारे सात जण असल्यामुळे औषधाचा प्रकार जुळत असेल तर एकही वाया जायची नाही. मात्र त्यातली एखादी मागच्या भिंतीला टेकलेली असल्याची शंका असेल, किंवा आत कण, पुंजके, काचेच्या कडेला पांढरा थर दिसत असेल, तर तिला त्या दोन बाटल्यांच्या रांगेत बसवा.

खूप ताप सोसलेल्या इन्सुलिनबद्दल एक आशेची गोष्टही सांगतो. २०२१ मध्ये जिनिव्हा विद्यापीठ आणि सीमारहित डॉक्टरांची संस्था यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. केनियातल्या निर्वासितांच्या छावणीत घराघरांत दिवसरात्र जसं तापमान असतं, रात्री २५ आणि दिवसा ३७ पर्यंत, तसं ठेवून त्यांनी इन्सुलिन तपासलं. चार आठवडे त्याची ताकद जवळजवळ तशीच राहिली. म्हणजे गरिबाच्या घरात फ्रीज नाही म्हणून सुईच बंद करायची, असं होऊ नये. पण तिथला वरचा आकडा ३७ आहे आणि आपल्याकडे मे महिन्यात सावलीतला पारा ४५ च्या पुढे जातो. पत्र्याच्या खोलीत तर विचारूच नका. त्या अभ्यासाचा आधार घेऊन नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ तापलेल्या दिवसांत, बाटली खिडकीत ठेवता येणार नाही.

तुमचा फ्रीज बहुधा एका दाराचा, वर बर्फाचा कप्पा असलेला असावा. या फ्रीजमध्ये सगळीकडे सारखं गार नसतं. बर्फाच्या कप्प्याखालचा ट्रे आणि मागची भिंत इथे औषध गोठतं. दारातल्या खणात ते उबतं, कारण दार उघडलं की स्वयंपाकघराची गरम हवा आधी तिथे जाते. मधल्या फळीवर, भिंतीपासून चार बोटं पुढे, ही औषधाची जागा. आणि फ्रीजच्या बटणावरचे १ ते ७ हे आकडे अंश नाहीत. ५ वर ठेवलं म्हणजे आत ५ अंश, असं समजणारे सुशिक्षित लोकही मी पाहिले आहेत. आकडा मोठा म्हणजे जास्त गार, एवढाच त्याचा अर्थ. उन्हाळ्यात बटण ६-७ वर नेतात आणि ते तसंच राहतं. मग एखाद्या पावसाच्या रात्री किंवा डिसेंबरच्या थंडीत आतलं सगळं गोठतं. तुमच्याकडे असंच काही झालं असेल.

मग आत किती अंश आहेत ते कळायचं कसं? हात लावून कळत नाही. काही शे रुपयांत मिळणारं, तारेला टोक असलेलं डिजिटल तापमापक घ्या. सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी आकडा लक्षात ठेवणारं मिळालं तर तेच घ्या, कारण रात्री दोन वाजता काय झालं तेही सकाळी दिसतं. टोक नुसतं हवेत लटकवू नका, पाण्याच्या लहान बाटलीत बुडवून ती बाटली औषधांच्या मधोमध ठेवा. दार उघडलं की हवा लगेच तापते, औषध लगेच तापत नाही. पाण्यातलं टोक औषधाचं खरं तापमान सांगतं. सकाळी आणि संध्याकाळी आकडा वहीत लिहायचा, मापकाने लक्षात ठेवलेले सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी हे दोन आकडेही लिहायचे, मग मापकातले आकडे पुसून टाकायचे. लिहिणाऱ्याने सही करायची.

हे मी मोठ्या दवाखान्यांकडे पाहून सांगत नाही. तुमच्या जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात लहान मुलांच्या लसी ज्या शीतपेटीत असतात, तिचं तापमान दिवसातून दोनदा लिहिलं जातं, रविवारी आणि पोळ्यालाही. एकदा जाऊन ती वही बघून या. सिस्टर आनंदानं दाखवतील. तुमची औषधं त्या पेटीत ठेवायला मात्र मागू नका. ती फक्त लसींसाठी असते आणि नाही म्हणताना त्यांना अवघड होतं.

गोळ्या आणि सिरप उद्या सकाळी बाहेर काढा. फ्रीज औषधाला चांगलाच, हा समज फार पसरला आहे. गोळ्यांना आत ओल लागते, त्या फुगतात, रंग बदलतात. दम्याचा पंपही आत नको. ही औषधं कोरड्या, त्यातल्या त्यात गार खोलीत ठेवा. जाड भिंतीची आतली खोली असेल तर उत्तम. गॅसच्या ओट्याजवळ नको, कूलरच्या समोर नको आणि फ्रीजच्या डोक्यावर तर मुळीच नको, ती जागा कायम तापलेली असते. आत राहायचं ते एवढंच: न फोडलेलं इन्सुलिन, काचबिंदूचे काही थेंब (खोक्यावर २ ते ८ अंश लिहिलं असेल तर), पाणी घालून तयार केलेलं काही अँटिबायोटिक सिरप, आणि डायलिसिसवर कुणी असेल तर त्यांची रक्त वाढवायची सुई. खोका हातात घेऊन वाचा, जे छापलं असेल ते खरं.

वापरात असलेली इन्सुलिनची बाटली एरवी बाहेर ठेवली तरी चालते, पण एप्रिल ते जूनच्या मध्यापर्यंत आपल्याकडे ती आतच ठेवा. टोचण्याआधी दहा-पंधरा मिनिटं बाहेर काढून तळव्यांत हळू घोळवा. हलवून फेस आणू नका. गार सुई दुखते, आणि आजी काही बोलत नाहीत म्हणून दुखत नाही असं नसतं. बाटलीऐवजी इन्सुलिनचं पेन असेल तर टोचून झालं की त्याची सुई काढूनच ठेवा.

फोडलेल्या बाटलीवर दोन गोष्टी लिहिलेल्या हव्यात: कुणाची आणि कधी फोडली. तारीख का, ते हिशोबाने सांगतो. १० मिलीच्या ४० युनिटच्या बाटलीत ४०० युनिट असतात. रोज १६ युनिट घेणाऱ्या आजींची बाटली २५ दिवसांत संपते, काही प्रश्न नाही. पण रोज ८ युनिट घेणाऱ्या आबाजींना तीच ५० दिवस पुरते. २८ व्या दिवशी त्यात जवळजवळ अर्धं औषध उरलेलं असतं आणि फेकताना हात थांबतो. काटकसरीने चालणाऱ्या संस्थेत तर नक्कीच थांबतो, मला ठाऊक आहे. अशांसाठी डॉक्टरांना विचारून ३ मिलीचं पेन किंवा पेनात बसणारं कार्ट्रिज घेता येईल, त्यात ३०० युनिट असतात, पण ते १०० च्या ताकदीचं असतं हे विसरू नका. एकाचं पेन दुसऱ्याला कधीच वापरायचं नाही, सुई बदलली तरीही नाही. पेनच्या आत रक्ताचा अंश मागे जाऊ शकतो आणि त्यातून कावीळ-ब सारखे आजार जातात. वापरलेल्या सुया जाड, न टोचल्या जाणाऱ्या पांढऱ्या डब्यात जमवा आणि जवळच्या दवाखान्याच्या कचऱ्यात द्यायची सोय करून घ्या. घंटागाडीत टाकल्या तर गोळा करणाऱ्याच्या हाताला लागतात.

लाइन गेली की पहिलं काम, वेळ लिहून ठेवा. दुसरं, दार बंद ठेवा आणि दारावर कागद लावा, "उघडू नये." बंद फ्रीज काही तास गारवा धरतो. खालच्या खणात पाण्याच्या चार-पाच बाटल्या कायम भरून ठेवल्या तर जास्त वेळ धरतो. बर्फाच्या कप्प्यात जेलच्या दोन पिशव्या ठेवा, पण त्या औषधाला थेट लावू नका. लाइन लवकर आली नाही तर त्या जाड टॉवेलमध्ये गुंडाळून थर्मासच्या डब्यात किंवा थर्माकोलच्या पेटीत ठेवा, आणि औषध वेगळ्या कापडात गुंडाळून त्याच पेटीत. बर्फाला टेकलेली बाटली लाइन नसतानाही गोठते. लाइन आली की तापमापक पाहा आणि वहीत नोंद करा. आकडा ८ च्या वर गेला असेल तर तारीख लिहून २८ दिवसांचं गणित सुरू करा. पेटीत ३७-४० झालं असेल तर मेडिकलवाल्यांना किंवा डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नका.

दोन-दोन दिवस लाइन येत नसेल तर आपला माठ आहे. मोठ्या मडक्यात लहान मडकं, मध्ये ओली वाळू, तोंडावर ओला सुती फडका, आणि सगळं सावलीत, वारा लागेल अशा जागी. बाटल्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून आतल्या मडक्यात ठेवायच्या. आपल्याकडचा उन्हाळा कोरडा असल्यामुळे हे छान चालतं. मृग लागून हवा दमट झाली की याचा उपयोग संपतो. तापमापक इथेही आत ठेवा, मडक्यावर आंधळा विश्वास नको. हे २ ते ८ अंश देत नाही, फक्त चाळिशी-पंचेचाळिशीच्या तापातून वाचवतं.

तालुक्याहून औषध आणतानाही असंच. एसटीत खिडकीकडच्या पिशवीत नको, मोटरसायकलच्या डिकीत तर नकोच. घरून रुंद तोंडाचा थर्मास न्या. मेडिकलमध्ये बाटली फ्रीजमधून काढून दिली की काउंटरवरच्या टोपलीतून, हे बघा. टोपलीतून दिली तर घेऊ नका. तुम्ही सात जणांसाठी घेणारं गिऱ्हाईक आहात, तुमचं ऐकतील.

राहिला ट्रस्टींचा प्रश्न. घरोघरी असंच ठेवतात, हे त्यांचं म्हणणं खरं आहे. पण घरात एका माणसाची एक बाटली असते, आणि शुगर चढली की घरच्यांना आठवतं, परवा लाइन गेली होती. तुमच्याकडे सात जण, तीन पाळ्या आणि फ्रीज दिवसातून पन्नासदा उघडणारं स्वयंपाकघर. रात्री लाइन गेलेली सकाळच्या बाईला माहीत नसते. त्यांना वेगळा लहान फ्रीज मागा, कुलपाचा, फक्त औषधांचा, ऑफिसच्या खोलीत, स्टॅबिलायझरवर. दाते गावोगाव पंखे देतात, खुर्च्या देतात, त्यावर नाव लिहितात. औषधांच्या फ्रीजवरही नाव लिहिता येतं. तो येईपर्यंत मधल्या फळीवर झाकणाचा एक डबा ठेवा, त्यावर लाल अक्षरात "औषध" लिहा, आणि स्वयंपाकीण काकूंना समोर बसवून सांगा की हा डबा सरकवायचा नाही आणि याच्यापुढे पातेलं ठेवायचं नाही. त्यांना कारण सांगा, नुसता हुकूम नको. कारण कळलं की त्याच सगळ्यात जास्त राखण करतील, असा माझा अनुभव आहे.

तुमचं चुकलं का, असं विचारलंत. बर्फाचे कण तुम्ही पाहिलेत आणि वापरण्याआधी विचारलंत. मी तेव्हा पाहिलेही नव्हते.

नवतपा २५ मेच्या सुमारास लागतो. त्याआधी तापमापक आणा आणि पहिल्या पंधरा दिवसांच्या वहीची पानं मला पाठवा, आबाजींची शुगर कुठे आली तेही लिहा. आकडे पाहून बटण कितीवर ठेवायचं ते आपण ठरवू.